कोल्हापूरवर चिडून सांगली मोठी होणार नाही

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं आणि तेव्हापासून आमच्या सांगलीत तो जुना सूर परत चालू झालाय. बघा, परत कोल्हापूरलाच! विद्यापीठ त्यांना, विमानतळ त्यांना, आता हायकोर्ट पण त्यांनाच. चहाच्या टपरीवर तेच, लग्नात तेच, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तर रोज कोणतरी एक मेसेज टाकतंच. तिकडनं कोल्हापूरचे पाव्हणे "जगात भारी" टाकून मोकळे होतात, मग दोन दिवस तेच चालतं. मी गावभागात वाढलेला सांगलीकर आहे, या शहरावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच सांगतो की ही चिडचिड आपल्याला महागात पडायला लागलीय.

आधी बेंचचंच घ्या. त्यासाठी कितीतरी वर्षं आंदोलन चाललं, आणि ते काय एकट्या कोल्हापूरच्या वकिलांनी नाही केलं. सहा जिल्हे होते त्यात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आपल्या वकिलांनी पण कामं बंद ठेवलीत त्यासाठी. जतचा नाहीतर आटपाडीचा माणूस जमिनीच्या दाव्यासाठी आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसून मुंबईला जायचा, लॉजचं भाडं, वकिलाची फी, तारीख पडली की परत तेच. तो आता सकाळी एसटीनं जाऊन रात्री घरी जेवायला येतोय. हे त्यांचं काम झालं का आपलं? माझ्या मते आपलंच झालं, फक्त इमारत पन्नास किलोमीटरवर आहे.

आता कोल्हापूर पुढं का, तर त्याला कारणं आहेत आणि ती कुणी सांगलीचं वाईट चिंतून झालेली नाहीत. कोल्हापूर हे छत्रपतींचं मोठं संस्थान होतं. शाहू महाराजांनी गुळाची बाजारपेठ वसवली, गिरणी काढली, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, पोरांसाठी वसतिगृहं काढली. विमानतळ पण राजाराम महाराजांच्या काळातला. 1962 ला शिवाजी विद्यापीठ झालं ते या तयार पायावर झालं. सांगली त्या मानानं नवीन गाव, 1801 ला चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले तिथनं सांगलीची राजधानी म्हणून सुरुवात. तरीपण आपण काय कमी नव्हतो. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी मराठीतलं पहिलं नाटक इथं उभं केलं, विलिंग्डन कॉलेज 1919 चं, आयर्विन पूल 1929 चा, आणि इंजिनिअरिंग कॉलेज देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचं, म्हणजे कोल्हापूरची पोरं इंजिनिअर व्हायला सांगलीला यायची. वसंतदादा चार वेळा मुख्यमंत्री झाले.

मग गाडी अडली कुठं? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण रस्ता आहे, आणि त्यावर आपण सगळ्यात कमी बोलतो. पुणे-बेंगलोर हायवे कराडवरनं पेठ नाक्याला येतो आणि तिथनं सरळ किणी, शिरोली करत कोल्हापूरला टेकतो. सांगली राहिली आत, एका बाजूला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, त्यांच्या सगळ्या एमआयडीसी बघा कुठं आहेत, सगळ्या हायवेला धरून. कास्टिंग भरलेला ट्रक फाउंड्रीच्या गेटमधनं निघाला की लगेच चार पदरी रस्त्यावर. आणि आपल्या कुपवाडच्या एमआयडीसीतला ट्रक पेठ नाक्यापर्यंत जाणार त्या पेठ-सांगली रस्त्यानं, ज्याची अवस्था वर्षानुवर्षं काय होती हे ज्यानं गरोदर बायकोला घेऊन त्या रस्त्यानं प्रवास केलाय त्याला विचारा. आता चौपदरीकरण आलंय, पण मधल्या दोन पिढ्यांत जे कारखाने यायचे ते दुसरीकडं गेले. कारखानदार कुणाच्या विरोधात नसतो हो, तो डिझेलचा हिशोब करतो.

नावलौकिकाचं पण तसंच आहे. कोल्हापूरचं नाव वस्तूंना चिकटलंय, कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी साज, कोल्हापुरी मिसळ, कोल्हापुरी गूळ. माणूस दिल्लीत असो नाहीतर दुबईत, हॉटेलात गेला की मेन्यू कार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' दिसतंच. आणि आपलं बघा. चितळ्यांची डेअरी 1939 पासून भिलवडीत, आपल्या सांगली जिल्ह्यात, पण कुणालाही विचारा चितळे कुठले, तर पुण्याचे. तासगावचा बेदाणा घराघरात खिरीत पडतो, पाकिटावर तासगाव कुठं दिसतंय का बघा. आता गंमत नाही, खरंच सांगतो, कोल्हापुरी चप्पलला 2019 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर मान्यता, मिळाली त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे आहेत आणि त्या चारांत सांगली आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला कारागीर कायद्यानं कोल्हापुरी चप्पल बनवू शकतो आणि त्याच नावानं विकू शकतो. प्राडा या परदेशी फॅशन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलेवरनं एवढा गदारोळ झाला तेव्हा कोल्हापूरनं आवाज उठवला, आपल्याकडनं किती जण बोलले? त्या नावाचा फायदा आपला पण आहे हे आपल्यालाच माहीत नाही.

आणि आपण कोल्हापूरकडं बघत बसलो तोवर हातातलं कुठं गेलं ते बघा.

हळद. सांगली म्हणजे हळद हे आख्ख्या देशाला माहीत. आमच्या शेजारच्या हरिपूरला, जिथं कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथं जमिनीत पेवं असायची. काळ्या चिकट मातीत खोल खड्डा, तोंड लहान आणि आत पोट मोठं, हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं, वर्षं गेली तरी हळदीला काही होत नसे कारण त्या मातीतनं पाणी झिरपत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग उतरायचं. आमच्या लहानपणी त्या बाजूला गेलं की वासावरनंच कळायचं कुणाचं पेव उघडलंय. 2005 च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि तो सगळा धंदा मोडला. आता कोल्ड स्टोरेज आलीत, सौदे चालतात, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय पण मिळालं, चांगली गोष्ट. पण राष्ट्रीय हळद बोर्ड 2025 मध्ये झालं ते निजामाबादला. राज्य सरकारचं हळद संशोधन केंद्र झालं ते हिंगोलीच्या वसमतला, आणि वसमतच्या हळदीला पण आता जीआय आहे. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याकडं पीक आहे, त्यांनी मागितलं, पाठपुरावा केला, मिळवलं. पण या सगळ्या काळात सांगलीत हळदीच्या बोर्डासाठी एक तरी बंद झाला का, एक तरी मोर्चा निघाला का? आम्ही कोल्हापूरला विमान कुठनं कुठं सुरू झालं याची मापं काढत होतो.

अजून एक. जनगणनेचे आकडे काढून बघा. 2011 ला कोल्हापूर महापालिका साधारण साडेपाच लाख, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाख. म्हणजे बोलताना आपण जेवढा फरक करतो तेवढा नाहीच आहे. त्या दहा वर्षांत टक्केवारीनं आपण त्यांच्यापेक्षा थोडे जास्तच वाढलो. कोल्हापूरची महापालिका 1972 ला झाली आणि इतकी वर्षं हद्दवाढीचा विषय निघाला की आजूबाजूची गावं विरोधात उभी राहतात, शहर आहे तेवढ्यातच कोंबून भरलंय. आणि त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखावरनं सतरा लाखावर गेलं. ती वरची माणसं कुठली होती? त्यातली कितीतरी आपली. सांगलीची आणि कोल्हापूरची पोरं तिकडं एका फ्लॅटमध्ये राहतात, एकाच डब्याचं खातात, शुक्रवारी रात्री एकाच ट्रॅव्हल्सनं गावाकडं येतात, आणि इकडं त्यांचे आई-बाप कुठलं शहर पुढं यावर भांडत बसलेत. दोन्हीकडची घरं रिकामी होताहेत, हे कुणाच्या डोळ्यात का खुपत नाही?

पण मला खरं बोलायचंय ते मिरजेबद्दल.

आपण कोल्हापूर आपल्याला मोजत नाही म्हणतो, आणि आपण मिरजेला काय वागणूक देतो ते जरा आठवा. 1998 ला तिन्ही गावं मिळून महापालिका झाली, पण आजपण सांगलीकर मिरजेला "तिकडं" म्हणतो, मिरजकर म्हणतो सगळा पैसा सांगलीत जातो, आणि कुपवाडचा म्हणतो आम्हाला तर कुणी धरतच नाही. मिरज आहे काय चीज हे बघा. कोल्हापूरची मुंबईची गाडी घ्या, पुण्याची घ्या, नाहीतर वंदे भारत घ्या, ती मिरजेवरनंच जाते. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी, चारी बाजूंचे रूळ मिरजेत येतात. 2016 ला लातूर तहानलं होतं तेव्हा रेल्वेनं पाणी गेलं ते मिरजेतनं गेलं, आपल्या कृष्णेचं पाणी. दवाखान्यांचं गाव म्हणून सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ नाव आहे, मिशन हॉस्पिटलवाल्या डॉक्टर वॉन्लेस साहेबांपासून. उत्तर कर्नाटकातनं माणसं पेशंट घेऊन येतात, स्टेशनबाहेर रिक्षावाला कन्नडमध्येच विचारतो कुठल्या डॉक्टरकडं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजपण गाणं होतं.

आणि सतारमेकर गल्लीत कधी गेलाय का? नसाल तर जा. वरती आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, एकेक घागरीएवढा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात ते. खाली कारागीर मांडी घालून बसलेला, तंबोऱ्याची जवारी काढतोय, म्हणजे तार नीट घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी घासतोय, कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान लावून ऐकायचं, परत फिरवायची. तासन् तास. कुणी घाई केली तर तो हसून म्हणतो, बसा, चहा घ्या. देशातले मोठमोठे गायक-वादक तिथनं वाद्यं नेतात. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं, आणि सांगलीत त्याचा साधा एक बोर्ड लागला नाही. सांगलीच्या विश्रामबागपासनं ती गल्ली किती लांब आहे? दहा रुपयांच्या पेट्रोलवर. हेच जर कोल्हापुरात असतं ना, तर महाद्वार रोडवर मिरवणूक निघाली असती, आणि निघायलाच पाहिजे होती. कोल्हापूरकडनं शिकायचं असेल तर हे शिकावं. त्यांच्या पेठा एकमेकांशी फुटबॉलच्या मैदानात जीव खाऊन भांडतात, पण शहराचा विषय आला की सगळ्या पेठा एकत्र रस्त्यावर. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हा आख्खं शहर उतरलं होतं आणि टोल घालवूनच थांबलं. आपल्याकडं साहेब बघतील, दादा बघतील. दादा होते तोवर बघितलं त्यांनी, 1989 ला ते गेले.

पुराचं तर काय बोलू. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. ब्रह्मनाळला बोट उलटली, बायका-पोरं गेली, तो दिवस मी विसरू शकत नाही. त्याच दिवसांत शिरोलीला हायवेवर पाणी, कोल्हापूर तुटलेलं. कृष्णा फुगली की नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं शिरोळमध्ये पसरतं. मग सांगलीसाठी वेगळा आणि कोल्हापूरसाठी वेगळा पूर आराखडा करून काय होणार आहे? खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 519 मीटरवरनं 524 वर न्यायचा कर्नाटकचा प्रयत्न चालू आहे, त्याला विरोध करायला मे 2025 मध्ये अंकलीच्या पुलाजवळ दोन्ही जिल्ह्यांतली माणसं एकत्र बसली, पक्ष बाजूला ठेवून. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण त्यानंतर दोन्हीकडचे आमदार-खासदार एका टेबलावर किती वेळा बसले हे विचारायला पाहिजे, आणि सारखं विचारायला पाहिजे.

कवलापूरला विमानतळ होईल म्हणून आपण किती निवडणुका ऐकतोय. होईल तेव्हा होवो. कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ आज चालू आहे, तिथं जायला मिरज स्टेशनवरनं सांगलीमार्गे थेट बस पाहिजे, विमानांच्या वेळा धरून. कोल्हापूर-सांगली रस्त्याचा चोकाक ते अंकली तुकडा जमिनीच्या मोबदल्यावरनं रखडला, शेतकऱ्यांना त्यांचा रास्त पैसा देऊन तो आधी संपवा, कारण तो होत नाही तोवर दोन्ही शहरं हातकणंगल्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडणार. हळदीसाठी बोर्डाचं निदान विभागीय ऑफिस आणि तपासणीची चांगली लॅब सांगलीत मागा. आणि महापालिकेचं एक पूर्ण मोठं खातं, नुसतं विभागीय कार्यालय नाही, अधिकाऱ्यांसकट मिरजेत हलवा. आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला हे विचारा, मी माझ्या नगरसेवकाला विचारणार आहे, आणि उत्तर काय मिळतंय ते इथंच लिहिणार आहे.