रामकुंड दाखवून अल्झायमर बरा होत नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘अल्झायमरच्या पेशंटला रोज अर्धा तास व्हीआर हेडसेट लावा, जुनं रामकुंड दाखवा. महिन्याभरात स्मृती परत, गोळ्या बंद. साइड इफेक्ट शून्य. घरच्यांनाही तेवढीच उसंत.’

व्हीआर हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, त्यात आपण त्या जागी बसल्यासारखं चहूबाजूंचं दृश्य दिसतं; इथे गोदावरीवरच्या रामकुंड घाटाचं. पण त्यानं स्मृती परत येत नाही. या आजारात मेंदूच्या पेशी मरतात, आणि नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला सुरुवातीलाच झळ बसते. जुन्या आठवणी मात्र बराच काळ टिकतात. म्हणून नारोशंकर मंदिराची घंटा किंवा रंगपंचमीची रहाड (रंगीत पाण्याचा हौद) दिसली की गप्प बसलेल्या आजी बोलू लागतात. ते बोलणं मोलाचंच आहे. पण तासाभरानं ‘मी जेवले का?’ हा प्रश्न येणारच.

डोनेपेझिल, मेमँटिन या अल्झायमरच्या गोळ्या आजार बरा करत नाहीत, काहींची लक्षणं काही काळ सावरतात. त्या एकदम बंद केल्या तर तब्येत बिघडू शकते. तो निर्णय डॉक्टरांचा.

‘साइड इफेक्ट शून्य’ हे सगळ्यात धोक्याचं. डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतला कान सांगतो की आपण बसलोय. त्यातून मळमळ, गरगर. अशा पेशंटला ते सांगता येईलच असं नाही. घाम, वारंवार जांभया, खुर्चीचे हात घट्ट धरणं, एकदम गप्प होणं, यातलं काहीही दिसलं की हेडसेट काढा आणि दहा मिनिटं उठू देऊ नका. लगेच उठले तर तोल जातो. पहिल्या वेळी ३-४ मिनिटं, सवय झाल्यावरही दहा पुरे. फिट येत असतील किंवा नसलेली माणसं दिसत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो. पट्टा आवळून डोळ्यांपुढे एकदम अंधार केला तर माणूस घाबरतो, झटापट होते. पहिल्यांदा पट्टा न लावता हातानंच डोळ्यांसमोर धरा. खुर्ची हातांची हवी, फिरती नको, पाय जमिनीला टेकलेले. वेळ सकाळी दहा-अकराची. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो.

व्हिडिओही कुठलाही चालत नाही. ड्रोनचे, गाडीवरून काढलेले, कुंभाच्या गर्दीचे नकोत. ३६० अंशांचा (चहूबाजूंचं टिपणारा) कॅमेरा ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर म्हणजे ११०-१२० सेंमीवर ठेवा आणि पहाटे पाच मिनिटं न हलवता चित्रण करा. अगदी पाण्याच्या कडेला ठेवू नका. खाली पाहिल्यावर पडतोय असं वाटतं.

उसंत तर मिळतच नाही. शेजारी बसावंच लागतं. हेडसेटमधलं चित्र मोबाइलवर कास्ट करा, म्हणजे तिथेही दिसू द्या, म्हणजे ‘तो कोण आलाय?’ म्हटल्यावर तुम्हालाही तो दिसेल आणि उत्तर देता येईल.

डोक्याला काही लावूच देत नसतील तर आग्रह नको. त्याच घाटाचा साधा व्हिडिओ टीव्हीवर लावा, गप्पा त्यावरही होतात.