सोयाबीनचं बी पाण्यात टाकून पारखू नका

मृग जवळ आला की लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: "सोयाबीनचं बियाणं पेरणीआधी बादलीत टाका. बुडालं ते उगवणार, तरंगलं ते बोगस. पाण्यात मीठ टाका, चाचणी आणखी पक्की होते." यातलं एकही वाक्य सोयाबीनला नीट लागू होत नाही. तसं करणाऱ्याचं चांगलं बियाणं मात्र हकनाक जातं.

"बुडालं ते उगवणार." दाणा जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा त्याला खालून मिळतो. सोयाबीनचा दाणा साधारण ०.१२ ग्रॅमचा, आकारमान ०.१ घनसेंटिमीटर. रेटा ०.१ ग्रॅमचा, वजन ०.१२, म्हणून तो बुडतो. आता हाच दाणा जोरात फिरणाऱ्या मळणी यंत्रात आपटून आतला अंकुर मोडला, किंवा उन्हाळाभर पत्र्याखालच्या थप्पीत तापून मेला, तरी वजन आणि आकार जवळपास तेवढाच राहतो. तोही बुडतो. सोयाबीनची उगवण बरीचशी याच कारणांनी जाते, त्यामुळे तळाला बसलेल्या बियाण्यात मेलेले दाणेही असतात.

"तरंगलं ते बोगस." किडका, पोचट दाणा तरंगतो, एवढं खरं. तो चाळणीनं आणि सुपानंही निघतो, त्याला पाणी कशाला? शिवाय चांगल्या दाण्याला खाली ओढणारा फरक जेमतेम ०.०२ ग्रॅमचा आहे. एवढा भार पाण्याचा पृष्ठताणही पेलू शकतो, वर सालीला हवेचे बुडबुडे चिकटतात. म्हणून हळूच सोडलेला कोरडा, निरोगी दाणा वर राहू शकतो आणि बोटानं दाबला की खाली जातो. काठीनं ढवळल्यावर जिचा निकाल बदलतो, ती कसली चाचणी?

"मीठ टाका." लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम मीठ टाकलं तर द्रावणाची घनता १.१२ च्या आसपास जाते. सोयाबीनची १.२ च्या आसपास असते, म्हणजे ते तरीही बुडतं. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, लिटरला साधारण ३६० ग्रॅम, टाकत गेलात तर द्रावणही १.२ ला पोचतं आणि चांगलं बीसुद्धा वर येऊ लागतं.

मिठाच्या पाण्याची प्रक्रिया खरी आहे, पण ती बाजरीची. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी ओतायचं, ढवळायचं. अरगट या बुरशीजन्य रोगाच्या हलक्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून जाळायचे. अरगट विषारी असतो, जनावरांना घालायचा नाही. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. बाजरीला हे सोसतं. सोयाबीनची साल पातळ, ती पाणी झपाट्यानं ओढते. काही मिनिटांत सालीला सुरकुत्या पडतात, आतल्या पेशी फाटतात, आणि परत वाळवताना साल सुटते. पिशवीतल्या बियाण्याला लावलेलं बुरशीनाशकही धुऊन जातं.

उगवण बघायची तर गोणपाटावर बघा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी घ्या, मिसळा आणि न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दुसरा ओला तुकडा वर टाकून सैल गुंडाळी करा. अशा तीन गुंडाळ्या सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण ठिबकेल इतकं नको. बी सडतं आणि चांगला लॉटही नापास दिसतो. सहा-सात दिवसांनी उघडून मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. मोडके, बुरशी आलेले धरू नका. तिन्हींची सरासरी काढा.

७० किंवा जास्त आले तर नेहमीप्रमाणे एकरी ३० किलो. ६५ आले तर ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे सव्वाबत्तीस किलोच्या आसपास. ६० च्या खाली गेलं तर ते बी पेरू नका. विकतच्या पिशवीचं असं झालं तर पावती, टॅग, पिशवी आणि त्यातलं थोडं कोरडं बी जपून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.