जिन्याने जाते गं, तेवढाच व्यायाम!

अकरा वर्षं मी हे वाक्य बोलतेय. ऑफिस सातव्या मजल्यावर, खाली लिफ्टसमोर सगळे उभे, कुणीतरी म्हणणार चल ना, आणि मी खांद्यावरची पर्स उगाच नीट करत हसत हसत म्हणणार, जिन्याने जाते गं, तेवढाच व्यायाम! मग वर पोचेपर्यंत घामाघूम, वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारायचं, श्वास जागेवर आला की जागेवर जाऊन बसायचं. वर कौतुक. "हिच्याकडून शिका जरा." एका वर्षी तर फिटनेसचं सर्टिफिकेट दिलं मला सगळ्यांसमोर आणि मी ते घेतलं पण. घेताना आतून काय वाटलं ते जाऊ दे.

तर आज लिहूनच टाकते. मला लिफ्टची भीती वाटते. म्हणजे "आवडत नाही बाई लिफ्ट" तसली नाही. दारं बंद होताना ती काळी रबराची पट्टी असते ना, दोन्हीकडून येऊन एकमेकींना चिकटते, बस, तेवढंच, त्या क्षणी तळहाताला घाम सुटतो, जीभ टाळूला चिकटते, स्वतःचे ठोके कानात ऐकू येतात आणि डोक्यात एकच, हवा संपली तर? वरचा आकडा बदलायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला की माझं काळीज तिथेच थांबतं. शेजारचा माणूस आरामात मोबाईल बघत असतो. त्याचा इतका राग येतो ना.

आता गंमत ऐका. लिफ्टबद्दल मी जेवढं वाचलंय तेवढं दुरुस्ती करणाऱ्यानेही वाचलं नसेल. लिफ्ट हवाबंद नसते, हवा यायला फटी ठेवलेल्या असतात, हे मला माहितीये. एका दोरावर लटकत नसते, अनेक पोलादी दोर असतात हेही माहितीये. एलिशा ओटिस नावाच्या माणसाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः प्लॅटफॉर्मवर उभं राहून सगळ्यांदेखत दोर कापायला लावला होता आणि त्याच्या ब्रेकने प्लॅटफॉर्म जागच्या जागी थांबला, हेसुद्धा पाठ आहे. आणि हे सगळं पाठ असलेली बाई सात मजले चढून जाते. कळतं पण वळत नाही ही म्हण ज्याने केली त्याला नक्की कसला तरी फोबिया असणार.

म्हणूनच "अगं त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. काही नाहीये हे आम्हालाच सगळ्यात आधी माहीत असतं हो! मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो आणि विचार करणारा मेंदू "थांब जरा, बघू दे" म्हणेपर्यंत हातपाय गळालेले असतात. एका बाईची केस प्रसिद्ध आहे, शास्त्रज्ञ तिला फक्त एस.एम. म्हणतात, एका दुर्मिळ आजारात तिच्या मेंदूतला हा भाग दोन्हीकडचा गेला. तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं तर घाबरायचं सोडून ही बाई सापाला हात लावायला पुढे. पण नंतर तिला कार्बन डायऑक्साईड जास्त असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा तीच बाई पॅनिक झाली. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं खरं सांगू का, म्हणजे गुदमरण्याची भीती वेगळ्याच खोलीतून येते तर. माझी तिथूनच येते.

दुसरा ठरलेला प्रश्न, "लहानपणी अडकली होतीस का कधी?" नाही. कधीच नाही. फोबिया असलेल्या कितीतरी लोकांना "इथून सुरू झालं" असा एक प्रसंग आठवतच नाही. मला आठवते ती फक्त आई. लिफ्टमध्ये शिरलो की आई बोलायची बंद व्हायची आणि माझं मनगट घट्ट धरायची, बाहेर आलो की सोडायची. ती काहीच बोलली नाही कधी. सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांचे माकडांवरचे १९८० च्या दशकातले प्रयोग वाचले तेव्हा मला ते मनगट आठवलं. लॅबमध्ये वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती, पण दुसरं माकड सापाला बघून घाबरतंय हे नुसतं बघितलं आणि तीही घाबरायला लागली, काही मिनिटांत. मग त्यांनी व्हिडिओत खोट्या सापाच्या जागी फुलं टाकली, म्हणजे माकड जणू फुलांना घाबरतंय असं दाखवलं, तर बघणारी माकडं फुलांना काही घाबरली नाहीत. म्हणजे काही भित्या शिकायला आपण आधीच तयार बसलेलो असतो, कुणीतरी फक्त मनगट धरायचं बाकी असतं. (आई, वाचत असशील तर तुझ्यावर राग नाहीये गं. तुझं मनगट कुणी धरलं होतं कुणास ठाऊक.)

आता थोडं चिडून. आजकाल फोबिया हा शब्द कुठेही वापरतात. मला गणिताचा फोबिया आहे, मला सोमवारचा फोबिया आहे. आणि त्या याद्या फिरतात, भलीमोठी ग्रीक नावं, "तुम्हाला यातला कुठला?" लांब शब्दांच्या भीतीलाच मुद्दाम इतका लांब शब्द केलाय की वाचताना दम लागावा, हा हा हा. डॉक्टर लोक साधारण असं बघतात की भीती धोक्याच्या मानाने फारच मोठी आहे का, सहा महिने किंवा जास्त टिकलीये का, आणि त्यापायी तुमचं रोजचं जगणं अडतंय का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सापाला घाबरणारा पण साप कधी वाट्यालाच न येणारा माणूस सुखाने जगतो. २२ देशांतल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या सर्व्हेत ७.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा फोबिया झाल्याचं दिसलं, बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट. म्हणजे शंभरात सात. तुमच्या ऑफिसात आहेत, तुमच्या घरात आहेत, ते फक्त "व्यायाम" करतायत.

कारण फोबिया दिसत नाही, दिसतं ते टाळणं. आणि टाळणं फार हुशार असतं, ते स्वतःला भीती म्हणवून घेतच नाही. दाताच्या डॉक्टरची भीती असलेला माणूस म्हणतो वेळच नाही मिळत, मग दात जास्त किडतो, मग उपचार खरंच जास्त दुखरा होतो, मग बघ, मी म्हणत नव्हतो! कुत्र्याला घाबरणारी माझी एक मैत्रीण, तिच्याकडे अख्ख्या परिसराचा नकाशा आहे डोक्यात, कुठल्या गल्लीत किती वाजता कुत्री असतात, आणि ती म्हणते मला लांबून चालायला आवडतं. डेनिस बर्गकॅम्प, एवढा मोठा डच फुटबॉलपटू, १९९४ च्या वर्ल्डकपनंतर विमानात बसायचंच सोडलं त्याने, परदेशातल्या मॅचला रस्त्याने किंवा ट्रेनने जायचं, नाही जमलं तर मॅच सोडायची. त्याने निदान तसं जाहीर सांगितलं तरी. मी काय केलं? चांगली नोकरी चालून आली होती, पगार जास्त, काम आवडीचं, इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलं ऑफिस २२ व्या मजल्यावर. घरी सांगितलं तिथलं वातावरण बरोबर वाटलं नाही. वातावरण! मी बिल्डिंगच्या आतसुद्धा गेले नव्हते.

आणि टाळल्यावर काय मस्त वाटतं माहितीये? लिफ्टकडे पाठ केली की छातीवरचा दगड उतरतो. तिथेच तर सगळी गोम आहे. तो जो हुश्श आहे ना, ते बक्षीस आहे. मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी आणखी लवकर पळायचं. आधी मला फक्त छोट्या जुन्या लिफ्टची भीती होती, मग सगळ्या लिफ्ट, मग खिडकी नसलेली ट्रायल रूम, मग बाथरूमची कडी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझा अनुभव असा की आपण पळतो म्हणून तो पाठी लागतो, थांबलो असतो तर कदाचित तोही थांबला असता.

बरं टाळणं नेहमी सुरक्षित असतं असंही नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत खूप लोकांनी विमान सोडून गाड्या काढल्या. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने आकडे तपासले तर पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यावर साधारण १५०० जास्त माणसं गेली असा त्याचा हिशेब निघाला.

आता घरच्यांबद्दल. दोन प्रकार असतात आणि दोन्ही वाईट. एक चेष्टेवाले, रबराची पाल अंगावर टाकून व्हिडिओ काढणारे. समोरचा किंचाळतोय, रडतोय, आणि खाली हसणाऱ्या इमोजी. मला याच्यात विनोद कधीच दिसला नाही. एकाने मला "भीती घालवायला" म्हणून हाताला धरून लिफ्टमध्ये ओढलं होतं आणि बटणासमोर उभा राहिला होता, त्यानंतर दोन वर्षं मी लिफ्टच्या लॉबीतसुद्धा थांबत नव्हते. दुसरे प्रेमळ. यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझा नवरा हा दुसरा प्रकार. कुठेही जायचं तर आधी फोन करून जिना कुठे आहे विचारून ठेवायचा, सामान स्वतः वर न्यायचा, लोकांना सांगायचा हिला जिनाच आवडतो. इतका चांगला माणूस आणि इतकी वर्षं माझ्या भीतीला खाऊपिऊ घालत होता, मीच शिकवलं होतं म्हणा त्याला.

बहिणीची गोष्ट वेगळीच आहे, ती सांगायलाच हवी कारण तिच्या बाबतीत सगळे चुकीचा सल्ला देतात. तिला सुईची भीती. रक्त तपासायचं म्हटलं की ही खुर्चीतून थेट जमिनीवर. आता बाकीच्या भित्यांमध्ये ठोके वाढतात, बीपी वाढतं, चक्कर आल्यासारखं वाटतं पण माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, सुई आणि जखम, इथे मात्र बीपी आधी वर जातं आणि मग एकदम खाली कोसळतं, म्हणून खरोखर शुद्ध जाते. आणि सगळे तिला काय सांगायचे? रिलॅक्स हो, अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे. सैल सोडल्यावर बीपी आणखी पडेल की! लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याच्यावर बरोबर उलटी युक्ती काढली. हात, पाय, पोट यांचे स्नायू आवळून धरायचे दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पूर्ण ढिलं नाही, नेहमीइतकंच, आणि परत. असं पाच वेळा, रोज सराव. ज्या हातात सुई जाणार तो तेवढा सैल ठेवायचा. गेल्या वेळी ताई दातओठ खात पाय आवळून बसली होती, नर्सला वाटलं ही आता मारते आपल्याला. पण पडली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायाने बाहेर आली.

तिला बघून मी गेले. सायकॉलॉजिस्टकडे. मला वाटलं होतं लहानपण उकरून काढतील, त्या म्हणाल्या चला, लिफ्ट बघू या. पद्धत जुनीच आहे, मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली, तो खात बसलेला असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा, शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. जबरदस्ती आणि यात फरक एवढाच की पुढचं पाऊल कधी टाकायचं ते मी ठरवायचं. आणि हो, फरक एवढाच म्हटलं तरी तोच सगळा फरक आहे.

पहिल्या दिवशी दार उघडं धरलेलं, मी एक पाय आत एक बाहेर. मॅडम म्हणाल्या, भीती शंभरपैकी किती? म्हटलं नव्वद. "बरं. काय होईल असं वाटतंय?" हवा संपेल, मी किंचाळेन, चक्कर येऊन पडेन. "लिहा." मी वहीत लिहिलं. काही होत नाही हो, घाबरू नका, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, नुसत्या उभ्या. वीस मिनिटं आम्ही दोघी असं दार धरून, लोक आमच्याकडे बघतायत. मग म्हणाल्या, लिहिलेलं यातलं काय झालं? तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. मला राग आला, बाटलीने काय होतं? म्हणाल्या, तुमचा मेंदू म्हणेल बाटलीमुळे वाचलो. बाटलीशिवाय पहिला मजला, चोवीस सेकंद, मी मोजले.

हे सगळं सगळ्यांना एका झटक्यात जमतं असं नाही. ओस्ट यांची तीन तासांच्या आत एकाच बैठकीत करायची पद्धतही आहे, अनेकांना त्याने फरक पडतो, माझं मात्र चार महिने चालू आहे. आणि जुनी भीती पुसली जात नाही म्हणे, तिच्यावर नवी आठवण चढते, म्हणून मधूनच परत डोकं वर काढते. मुलगी आमची सहा वर्षांची, तिच्याबरोबर लिफ्टमध्ये जाते तेव्हा मी मुद्दाम बडबड करते आणि तिचं मनगट धरत नाही. माझा हात कुठे ठेवायचा तेच कळत नाही तेव्हा.

सध्या वहीत असं आहे. सोमवार, सात मजले, एकटी, ५५. बुधवार, सात मजले, तीन माणसं, ७०. काल लिफ्टमध्ये आठ जण होते, एकजण सरकून जागा करत म्हणाला या ना मॅडम, आणि मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, मला फोन आलाय. फोन आला नव्हता. तेही लिहिलंय.