चार नाही, दोनच वायनरी बघा

नाशिकच्या वाइन सहलीवरच्या एका लेखात एकाच दिवसात चार वायनरी (वाइन बनवण्याचे कारखाने) बसवल्या आहेत. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, नीट समजून घ्यायची असेल तर दोनच ठेवा. गंगापूर धरणाकडच्या सुला आणि यॉर्क एकमेकींपासून जवळ आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीही दिसते. स्पार्कलिंगची द्राक्षं आंबटपणा टिकावा म्हणून आधी खुडतात.

टूरवर एवढं नक्की विचारा: दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीत होतं की टाकीत, आणि बाटली यीस्टच्या गाळावर किती महिने ठेवतात? बाटलीत आंबवायची असेल तर तयार वाइनमध्ये लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात. त्यातून तयार होणारा दाब गाडीच्या टायरच्या अडीच पटींहून जास्त, म्हणून काच जाड आणि बुडाला खोल खळगा. पुढे बाटल्या उलट्या करत गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात, टोपण काढलं की गाळासकट बर्फाची गोळी उडून बाहेर पडते. हे बघायला मिळालं तर सोडू नका.

चाखताना ग्लास गरगर फिरवू नका, बुडबुडे निघून जातात. वाइन ६ ते ८ अंशांवर हवी. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. गरम किंवा हिंदकळलेली बाटली उघडलीत तर अर्धी जमिनीवर जाते.

आणि बडोदेकरांनो, डिकीत एकही बाटली घेऊन सापुताऱ्यावरून परतू नका. गुजरातेत परवान्याशिवाय नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. तिथेच प्या, मुक्काम करा, सकाळी निघा.