आपल्या मुलीला आईस हॉकीपटू करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी मौलिक सूचना

भारतीय महिलांनी २०२५ च्या नोव्हेंबरात क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या गावात ‘नारीशक्ती क्रीडागौरव’ नावाचा सोहळा ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल-ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवणाऱ्या महिला आईस हॉकी संघाचाही फलकावर उल्लेख व्हावा, असे मी बैठकीत सुचवले. ‘कांस्यच ना? शिवाय आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?’ असे म्हणून अध्यक्षांनी विषय मिटवला आणि उरलेला वेळ व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी बसणार या गहन प्रश्नाला दिला. या खेळाविषयी पालकांना योग्य मार्गदर्शन मिळत नसल्याची जाणीव मला तेव्हा झाली. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

सर्वप्रथम मुलीच्या जन्मस्थळाची निवड विचारपूर्वक करावी. कॅनडातील सस्कॅचवान प्रांत उत्तम. तेथील शॉनव्हॉन या लहानशा गावी १९७८ मध्ये जन्मलेली हेली विकेनहायझर पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघातून खेळली, तिने चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, २००३ मध्ये फिनलंडमधील पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून खेळताना गोलही केला आणि निवृत्तीनंतर ती डॉक्टर झाली. मराठी पालकांना यातील शेवटची बाब विशेष भावेल.

कॅनडा जमणार नसेल तर लडाख निवडावे. मात्र तेथे मुलीला मोठा भाऊ असेल याची आधीच तजवीज करावी, कारण स्केट्स, म्हणजे बर्फावर घसरण्याचे पाते लावलेले बूट, बहुधा त्याचेच वापरावे लागतात.

आता बर्फाविषयी. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील नैसर्गिक बर्फ खेळण्याजोगा राहतो तो साधारण दोन महिने. या दोन महिन्यांत कडाक्याच्या थंडीत रात्री पाणी ओतून पृष्ठभाग गुळगुळीत करावा, सकाळी मुलग्यांचा सराव आटोपेपर्यंत काठावर उभे राहावे आणि मग उरलेल्या वेळेत देशासाठी खेळण्याची तयारी करावी. बाकीचे दहा महिने मनातल्या मनात सराव करण्यास कोणाचीही हरकत नसते. कृत्रिम बर्फाचा हट्ट धरणाऱ्या पालकांनी देहरादूनचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, बांधली गेली. फिती कापल्या गेल्या, स्पर्धा झाली, पाहुणे घरी गेले, आणि लवकरच असे ध्यानात आले की बर्फ गोठलेला ठेवण्यासाठी वीज लागते व विजेचे बिल येते! हा शोध रिंक बांधण्यापूर्वी कोणालाच कसा लागला नाही, हे विचारू नये. रिंक बंद पडली. २०१६ मध्ये आपला महिला संघ तैवानमधील तैपेई येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेला, तेव्हा देशातील ही रिंक धूळ खात होती. ती पुन्हा सुरू झाली २०२५ मध्ये. २०११ साली दहा वर्षांची असलेली मुलगी तोपर्यंत चोवीस वर्षांची झालेली होती. खेळाडूच्या आयुष्यातली ही वर्षे कोणत्या खात्यात, कोणत्या लेखाशीर्षाखाली परत मिळतात, याची माहिती एखाद्या जाणकाराने जरूर द्यावी, कारण फायली फिरत राहिल्या तरी गुडघे वाट पाहत नाहीत.

प्रवासखर्चाची चिंता करू नये. तैपेईच्या वेळी अनोळखी लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली होती, तेव्हा मुलीला स्केटिंगबरोबर वर्गणी मागण्याचीही शिकवणी लावावी.

उपजीविकेसाठी वेगळी विद्या हाताशी असावी. संघाची गोलरक्षक नूरजहाँ लडाखमधील जुन्या भित्तिचित्रांच्या व थांकांच्या, म्हणजे कापडावरील बौद्ध चित्रांच्या, संवर्धनाचे काम करते. (शतकांपूर्वीची चित्रे जपण्यासाठी जी चिकाटी लागते, तीच या खेळातही उपयोगी पडत असावी.)

देशभक्त पालकांसाठी एक खास माहिती. या खेळाच्या जागतिक स्पर्धांत सामना संपल्यावर विजेत्या संघाचे राष्ट्रगीत वाजवले जाते. म्हणजे ‘जन गण मन’ ऐकायचे तर आधी जिंकावे लागते. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून आपल्या मुलींनी पहिला विजय मिळवला, तेव्हा कुठे त्यांना ते ऐकायला मिळाले. आपल्याला मात्र ते चित्रपटगृहात तिकिटाबरोबर मिळत आले आहे, त्यामुळे या मुलींची धडपड आपल्याला कळण्याचे कारण नाही.

२०१८ मध्ये ती विकेनहायझर खेळाचे साहित्य घेऊन लेहला आली आणि तेथील मुलींबरोबर बर्फावर उतरली. कॅनडाच्या बाईला लेह सापडले. आमच्या अध्यक्षांना फलकावर एका ओळीची जागा सापडली नाही.

आणि आता सूचना पुरे. ‘कांस्यच ना?’ असे विचारणाऱ्या गृहस्थांनो, पदकाचा धातू घासून पाहण्याची हौस तुम्हाला मुलींच्याच बाबतीत का येते? या संघाने पहिल्या स्पर्धेपासून पहिल्या पदकापर्यंतचा प्रवास नऊ वर्षांत केला, तोही वर्षातून दोन महिने टिकणाऱ्या बर्फावर. बर्फ आपल्याकडे पडत नाही, हे खरे. विश्वचषकही काही आपल्या गावात पडला नव्हता. तरी त्याचे श्रेय घ्यायला तुम्ही रांगेत पुढे होता. २००५ मध्ये मिताली राजचा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरून परतला, तेव्हा तुमच्यापैकी कोण गुच्छ घेऊन विमानतळावर गेला होता? जिंकलेल्या मुलींच्या शेजारी उभे राहून आपला फोटो छापून आणणे याला गौरव म्हणत नाहीत, संधिसाधूपणा म्हणतात. या मुलींना तुमची शाल नको आणि श्रीफळही नको. त्यांना उन्हाळ्यातही गोठलेली राहील अशी रिंक हवी आहे. तिचे वीजबिल दरमहा कोण भरणार, तेवढे बोला.