नवं ऑफिस उघडलं म्हणे, अभिनंदन!

सकाळी फोन उघडला तर समोर माझ्या जुन्या आर्किटेक्चर फर्मची पोस्ट. आणखी एका देशात ऑफिस. सगळे काळ्या कपड्यांत ओळीने उभे (आर्किटेक्टांना दुसरा रंग वर्ज्य असतो बहुतेक), खाली आम्ही केलेल्या एका परदेशातल्या लायब्ररीचा फोटो आणि ‘इथून आमचा जागतिक प्रवास सुरू झाला’. नाव एकच, संस्थापकांचं.

त्या लायब्ररीची ड्रॉइंग्ज काढायला मी होते. आमच्यातल्या कुणीही ती साइट पाहिली नव्हती. रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात, झकास दिसते म्हणून पश्चिमेला अख्खी काचेची भिंत दिली होती. तिथल्या स्थानिक आर्किटेक्टने शीट परत पाठवलं, लाल पेनाने लिहून: ‘दुपारी चारला इथे कुणी बसू शकणार नाही.’ शेजारी खोल छज्ज्याचा सेक्शन (उभा छेद), हाताने काढलेला. आधी आमच्याकडे चिडचिड झाली, मग गुपचूप तोच छज्जा बांधला. पुढे बक्षीस मिळालं ते त्याच सावलीसाठी. भाषणात ती सावली ‘आमच्या संस्थापकांची दृष्टी’ झाली!

आणि हे काही आमच्याच फर्मचं नाही. स्नोहेटा या नॉर्वेच्या फर्मचं नाव जगभर झालं ते अलेक्झांड्रियाच्या लायब्ररीमुळे. १९८९ ची स्पर्धा जिंकली तेव्हा फर्म जेमतेम उभी राहत होती, इमारत २००२ मध्ये खुली झाली. त्यांच्यासोबत इजिप्तची हमझा असोसिएट्स ही स्थानिक फर्म होती. किती जणांना माहीत आहे? १९९१ चं प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, अमेरिकन आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरींना एकट्याला दिलं. डेनिस स्कॉट ब्राउन त्यांच्या पत्नी, फर्ममध्ये बरोबरीच्या भागीदार. त्यांचंही नाव त्यात घाला, अशी २०१३ मध्ये हजारो लोकांनी सह्या करून मागणी केली, तरी समिती ढिम्म. नवराबायकोत ही तऱ्हा, तर दूरदेशी लाल पेन घेऊन बसलेल्या माणसाला कोण विचारतो?

हो, मान्य, एवढं काम त्या माणसाच्या छोट्या ऑफिसला मिळालंच नसतं. क्लायंटला मोठं नाव लागतं, विमा लागतो, चुकलं तर धरायला कुणीतरी लागतं. ठीक आहे.

पण वाढ म्हणजे नेमकं काय वाढलं? एका ऑफिसात रात्र झाली की ड्रॉइंग्ज दुसऱ्या टाइम झोनमध्ये जातात, काम थांबत नाही, याचं केवढं कौतुक! त्या दुसऱ्या टोकालाही माणसंच बसलेली असतात, सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारी. ओव्हरटाइमचं विचारलं की ‘पॅशन’ ऐकवतात. स्विस आर्किटेक्ट पीटर झुमथोर गावात छोटं ऑफिस ठेवून काम करत राहिले, त्यांना २००९ मध्ये प्रित्झकर मिळालंच ना? त्यांच्याकडेही सगळं आलबेल असेल असं नाही, पण बारा ऑफिसं नसली तरी आर्किटेक्चर होतं.

असो. लिहिताना राग थोडा उतरला. डिटेलिंग मी तिथेच शिकले, हे नाकारत नाही. आमचे सीनियर रात्री दोन वाजता शेजारी बसून जिन्याची राइझर-ट्रेड (पायरीची उंची आणि रुंदी) पुन्हा मोजायला लावायचे, त्यांच्यावर अजूनही माया आहे. पण त्या फोटोत तेही नाहीत. कधीच सोडून गेले.

मी पोस्टखाली छज्जा काढणाऱ्याचं नाव विचारलं. कुणीतरी टाळ्यांचा इमोजी टाकला.

तुमच्यातले जे स्वतःची फर्म चालवतात, त्यांनी आज वेबसाइट उघडा आणि प्रत्येक प्रोजेक्टखाली स्थानिक आर्किटेक्टचं आणि ड्रॉइंग काढणाऱ्यांचं नाव टाका. जागा नाही म्हणू नका, स्वतःच्या फोटोला अख्खी स्क्रीन दिली आहे तुम्ही.