‘मेडिकेअरचं फुकट कार्ड’: एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत मुलांजवळ स्थायिक झालेल्या आईवडिलांमध्ये मेडिकेअरबद्दल, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल, एक फॉरवर्ड फिरतो: ‘पासष्टी ओलांडली की मेडिकेअर प्रत्येकाला औषधदुकानात चालणारं कार्ड देतं. हवं ते घ्या, उरलेले पैसे साठवा. जिथे रक्कम मोठी, तोच प्लॅन घ्या.’

प्रत्येकाला? मुळीच नाही. मूळ मेडिकेअर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या वस्तूंचे पैसे देत नाही. कार्डावरचा हा भत्ता मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी घ्यायचे प्लॅन, विकणाऱ्या खासगी कंपन्या देतात, त्याही सगळ्या प्लॅनमध्ये नाही. शिवाय त्यासाठी मेडिकेअरचे पार्ट ए (इस्पितळाचा विमा) आणि बी (डॉक्टर, तपासण्यांचा विमा) दोन्ही लागतात. ग्रीनकार्डवर आलेल्या पालकांना, दोघांपैकी कुणी तिथे नोकरी केलेली नसेल तर, सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही.

‘हवं ते’ म्हणजे प्लॅनच्या यादीतलं. सर्दीचं औषध, पट्ट्या, टूथपेस्ट बहुधा असतात. व्हिटॅमिनला कुठे कुठे डॉक्टरांची शिफारस लागते. किराणा तर ठरावीक जुनाट आजार असलेल्यांनाच, तोही मोजक्या प्लॅनमध्ये.

सगळ्यात नुकसान करतो तो ‘साठवा’ हा सल्ला. बऱ्याच प्लॅनमध्ये तिमाही किंवा महिना संपला की उरलेली रक्कम बुडते. मग शेवटच्या आठवड्यात दिसेल ते उचललं जातं. त्यात नावापुढे ‘पीएम’ लिहिलेल्या झोपेच्या गोळ्या असतात. त्यातलं डायफेनहायड्रामिन ज्येष्ठांनी टाळावं असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची यादी सांगते, कारण त्याने भ्रम होतो, तोल जातो. फुकट मिळालं म्हणून पडून कंबर मोडून घ्यायची का?

त्यापेक्षा तिमाहीच्या सुरुवातीलाच प्लॅनच्या कॅटलॉगचा भाव दुकानातल्या भावाशी ताडून पाहा. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची गोळी घटक आणि मात्रा सारखी असेल तर तेच काम करते. ती रोखीत स्वस्त पडत असेल तर रोखीनेच घ्या आणि भत्ता रक्तदाबाच्या यंत्रासारख्या महाग वस्तूसाठी वापरा. यंत्र यादीत आहे ना, एवढं आधी बघा.

राहिला ‘मोठी रक्कम’ हा मुद्दा. समजा तिमाहीला ५० डॉलर, म्हणजे वर्षाला २०० मिळाले. इस्पितळात एक दिवस काढला तर कोपे, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा, त्याहून जास्त होऊ शकतो. आपले डॉक्टर प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्यांत, नसतील तर मग विचारूच नका. अॅडव्हान्टेजमधून मूळ मेडिकेअरकडे परतताना बहुतेक राज्यांत मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरला पूरक खासगी विमा, देणारी कंपनी तब्येतीची चौकशी करून नकारही देऊ शकते. प्लॅन बदलायची मुख्य मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. तेव्हा आधी डॉक्टर आणि नेहमीची औषधं तपासा, भत्ता सगळ्यात शेवटी.

आणि ‘कार्ड पाठवतो, मेडिकेअर नंबर सांगा’ असा फोन आपणहून आला तर सरळ ठेवून द्या.